टॉर्चसाठी रिचार्जेबल एए सेल निवडताना

टॉर्च हे सेलचं जरा विचित्र गिऱ्हाईक. महिनोन्महिने खणात पडून राहतो आणि लागतो तेव्हा एकदम भरपूर करंट मागतो. भिंतीवरच्या घड्याळाला वर्षभर नाममात्र करंट पुरतो, तर कॅमेऱ्याचा फ्लॅश चार्ज केलेले सेल त्याच दिवशी संपवून टाकतो. टॉर्चसाठी मात्र एकाच सेलमध्ये दोन गुण लागतात: पडून राहिला तरी उतरू नये आणि जोर पडला तरी व्होल्टेज ढासळू नये. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला एमएएचचा (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचा) आकडा यांतल्या एकाही गुणाबद्दल काही सांगत नाही, आणि नवखा माणूस नेमका तोच आकडा बघून सेल उचलतो.

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी: 'लो सेल्फ डिस्चार्ज' (पडून राहिले तरी कमी उतरणाऱ्या) प्रकारचे, १९०० ते २१०० एमएएच क्षमतेचे, नावाजलेल्या कंपनीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या आणि सोबत प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चार्ज करणारा चार्जर घ्या. बहुतेक टॉर्चचं काम एवढ्यात भागतं. कुठे भागत नाही आणि का, ते पुढे आहे.

पायरी १: आधी टॉर्च उघडा

शेपटाकडचं झाकण काढा, सेल बाहेर घ्या आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, सेल किती. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. एका किंवा दोन सेलच्या टॉर्चमध्ये एवढं व्होल्टेज नसतंच, म्हणून आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं. या सर्किटचा स्वभाव लक्षात ठेवा. उजेड कायम राखण्यासाठी ते सेलकडून ठरावीक वॅट घेतं, त्यामुळे सेलचं व्होल्टेज घसरलं की करंट वाढवतं. २.४ वॅट घेणारा एका सेलचा टॉर्च १.२ व्होल्टला २ अँपिअर ओढतो, तर १ व्होल्टला २.४ अँपिअर. सेल थकत आला की त्याच्यावरचं ओझं आणखी वाढतं. सेलचा दर्जा सगळ्यात जास्त कळतो तो अशाच टॉर्चमध्ये.

तीन सेलच्या स्वस्त टॉर्चमध्ये बऱ्याचदा सर्किट नसतंच. एखादा रेझिस्टर असतो, कधी तोही नसतो. एकदाच वापरायच्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोधच (सेल स्वतःच करंटला करतो तो अडथळा) एलईडीला वाचवत असतो. तिथे रिचार्जेबल सेल टाकले की ते न दमता करंट देत राहतात आणि एलईडी जास्त तापू शकतो. पूर्ण उजेडावर पाच मिनिटं चालवून टॉर्चच्या डोक्याला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर तो टॉर्च थोडा थोडा वेळच लावावा. चार सेलच्या बऱ्या टॉर्चमध्ये सहसा व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं, तिथे काळजी नाही. जुन्या बल्बच्या टॉर्चचा उजेड सुरुवातीला अल्कलाइनपेक्षा किंचित पिवळट दिसेल, पण नंतर तो तसाच टिकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सेल बसतो कसा. एए सेलची कमाल जाडी १४.५ मिलिमीटर आणि कमाल लांबी ५०.५ मिलिमीटर ठरलेली आहे. जास्त क्षमतेचे सेल या मापाच्या अगदी काठावर असतात. अल्कलाइनच्या मापाने कापलेल्या अरुंद नळीत ते घट्ट बसतात, आणि वय झालेला सेल जरासा फुगला की अडकतो. टॉर्च उभा धरल्यावर सेल आपल्या वजनाने खाली घसरला पाहिजे. हातावर आपटून काढावा लागत असेल तर त्या टॉर्चमध्ये त्या जाडीचा सेल वापरू नका.

काही टॉर्चमध्ये सेल उलटा बसला तरी सर्किट जळू नये म्हणून धन टोकाच्या पट्टीभोवती प्लॅस्टिकचं उंच कडं असतं. रिचार्जेबल सेलचं धन टोक कधी कधी अल्कलाइनपेक्षा बुटकं आणि रुंद असतं, त्यामुळे ते या कड्याच्या आत पोचत नाही. मग नवा, पूर्ण चार्ज सेल घालूनही टॉर्च पेटत नाही आणि माणूस सेलला शिव्या घालतो. असा टॉर्च हाताशी असेल तर सेल घेताना टोकाची उंची बघून घ्या.

तिसरी गोष्ट, टॉर्चवर किंवा त्याच्या पुस्तिकेत दिलेली व्होल्टेजची मर्यादा. '०.९ ते १.६ व्होल्ट' लिहिलं असेल तर तो साध्या एए सेलचाच टॉर्च. '०.९ ते ४.२ व्होल्ट' असेल तर त्यात १४५०० नावाचा लिथियम-आयन सेलही चालतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

पायरी २: सेलचा प्रकार ठरवा

निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि अल्कलाइनवर १.५, त्यामुळे उजेड कमी पडेल ही शंका सगळ्यांनाच येते. दोन्ही आकडे छापील आहेत. ताजा चार्ज केलेला हायड्राइड सेल १.४ व्होल्टच्या आसपास सुरू होतो, लवकरच १.२ ते १.२५ वर येतो आणि बराचसा वेळ तिथेच राहतो. मग शेवटी झपाट्याने १ व्होल्टखाली जातो. अल्कलाइन १.५ ला सुरू होतो आणि पहिल्या मिनिटापासून उतरत राहतो.

जोर पडल्यावर तर चित्रच उलटतं. ताज्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध साधारण ०.१५ ते ०.३ ओहम, चांगल्या हायड्राइड सेलचा ०.०२ ते ०.०४ ओहम. वरच्या २ अँपिअरच्या टॉर्चचंच उदाहरण घ्या. ०.२ ओहमच्या अल्कलाइनमध्ये ०.४ व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात, म्हणजे टॉर्चला मिळतात १.१, आणि ते पण ताजा असताना. ०.०३ ओहमच्या हायड्राइड सेलमध्ये गळती फक्त ०.०६ व्होल्ट. १.२ चा सेल १.५ च्या सेलला मागे टाकतो तो इथे. शिवाय अल्कलाइन टॉर्चमध्ये विसरला की कधी ना कधी पाझरतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडने स्प्रिंग खाऊन टाकतो. हायड्राइड सेल पाझरण्याचे प्रसंग फार कमी.

आता हायड्राइडमधलेही दोन प्रकार. जुन्या पद्धतीचे सेल पडल्या पडल्या दिवसाला साधारण एक टक्का चार्ज गमावतात, गरम जागेत त्याहून जास्त. तीन महिन्यांनी टॉर्च उचलावा तर मरतुकडा उजेड. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' नावाने कमी उतरणारे सेल बाजारात आणले आणि हा प्रश्न सुटला. हा ब्रँड आता पॅनासोनिककडे आहे, आणि इतर कंपन्याही असे सेल बनवतात. पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज', 'प्री-चार्ज्ड', 'रेडी टू यूज' असं काहीतरी लिहिलेलं असतं. सेल पाकिटातून काढून लगेच वापरता येतात असं लिहिलं असेल तर तो याच प्रकारचा. जुन्या प्रकारचे सेल टॉर्चसाठी घेऊ नका, फुकट मिळाले तरी रोज वापरायच्या वस्तूत घाला.

अलीकडे '१.५ व्होल्ट लिथियम रिचार्जेबल' एए सेल खूप दिसतात. आत छोटा लिथियम-आयन सेल आणि त्याचं व्होल्टेज १.५ वर उतरवणारं चिमुकलं सर्किट असतं. शेवटपर्यंत सरळ १.५ व्होल्ट मिळतात ही जमेची बाजू. पण टॉर्चमध्ये हाच गुण अंगावर येतो: सेल संपला की सर्किट बंद होतं आणि भर उजेडातून क्षणात काळोख. मंद होत जाण्याची सूचना मिळत नाही, टॉर्चवरचा बॅटरीचा लाल दिवासुद्धा फसतो. दुसरं, आतल्या सर्किटला करंटची मर्यादा असते, बऱ्याच सेलमध्ये दीड-दोन अँपिअर. जोरकस टॉर्च त्यापेक्षा जास्त मागायला लागला की सेल मध्येच बंद पडतो किंवा उजेड लुकलुकतो. हे सेल त्यांच्या स्वतःच्या चार्जरवर किंवा सेलवरच्या यूएसबी खाचेतूनच चार्ज करायचे. हायड्राइडच्या चार्जरमध्ये घालायचे नाहीत. १.२ व्होल्टवर नाराज होणाऱ्या इतर उपकरणांत ते खुशाल वापरा. टॉर्चसाठी ते दुसऱ्या पसंतीचेच.

१४५०० सेलबद्दल मात्र स्पष्ट इशारा. माप हुबेहूब एएचं, पण व्होल्टेज ३.७, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. फक्त एएसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये घातला तर सर्किट किंवा एलईडी जळण्याची दाट शक्यता, आणि दोन सेलच्या टॉर्चमध्ये तर ८.४ व्होल्ट होतात. मर्यादेत ४.२ लिहिलेलं असेल तरच घाला. घरात दोन्ही प्रकार असतील तर डबे वेगळे ठेवा. अंधारात चाचपडताना वेष्टणाचा रंग दिसत नाही.

निकेल-झिंक सेल ताजा असताना १.८ व्होल्टच्या वर जातो आणि त्याला चार्जरही वेगळा लागतो, म्हणून टॉर्चच्या यादीतून वगळा. निकेल-कॅडमियम एए आता घेण्याचं कारण उरलेलं नाही.

पायरी ३: एमएएचचा आकडा किती मनावर घ्यायचा

एए मापाच्या डबीत मावतं तेवढंच मावतं. हायड्राइड एएमध्ये खरी क्षमता जेमतेम २७००-२८०० एमएएचपर्यंत पोचते. ३३००, ४००० असे आकडे छापलेले हायड्राइड सेल सरळ खोटे असतात, त्यावर चर्चा नको.

प्रश्न खऱ्या सेलमधला आहे: २००० की २५००? पॅनासोनिकच्याच आकड्यांत बघा. साधा एनेलूप किमान १९०० एमएएच, सुमारे २१०० वेळा चार्ज होणारा, दहा वर्षं पडून राहिला तरी सत्तर टक्के चार्ज राखणारा. एनेलूप प्रो किमान २५०० एमएएच, पण चार्जचे फेरे सुमारे ५००, आणि हमी एका वर्षानंतर ८५ टक्क्यांची. प्रयोगशाळेतले फेरे घरी तेवढे मिळत नाहीत, पण दोघांमधलं प्रमाण बोलकं आहे. जास्त माल कोंबायचा तर धन आणि ऋण भाग वेगळे ठेवणारे आतले पडदे पातळ करावे लागतात, आणि पातळ पडदा लवकर दगा देतो. २५०० चा सेल एकदा गैरवापर झाला, पूर्ण निचरा झाला किंवा जास्त चार्ज झाला, की त्याचा अंतर्गत रोध वाढून तो जोरकस टॉर्चच्या कामातून जातो. २००० चा तेवढं निमूटपणे सोसतो.

बदल्यात किती उजेड मिळतो ते काढता येतं. २००० एमएएच गुणिले १.२ व्होल्ट म्हणजे २.४ वॅट-तास. टॉर्चचं सर्किट त्यातले साधारण ८० टक्के पुढे देतं आणि एलईडी एका वॅटमागे सुमारे १०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप) देतो असं धरलं, तर हिशेब १९० ल्युमेन-तासांच्या आसपास येतो. म्हणजे १०० ल्युमेनला जेमतेम दोन तास, ५० ला पावणेचार. २५०० च्या सेलने १०० ल्युमेनचे दोन तास अडीच होतात, बस. रात्रभर चालणाऱ्याला तो अर्धा तास महत्त्वाचा असेल. खणातल्या टॉर्चसाठी २००० चाच घ्या.

याच हिशेबाने टॉर्चच्या पाकिटावरचा दावाही तपासून बघा. एका एएवर '३०० ल्युमेन, ४ तास' लिहिलं असेल तर ते १२०० ल्युमेन-तास झाले, आणि एवढी ऊर्जा त्या सेलमध्ये नाहीच. छापणारा नेहमीच खोटं बोलत असतो असं नाही: टॉर्चच्या एफएल-१ मानकात उजेड मोजतात सुरू केल्यानंतर तिसाव्या सेकंदाला आणि वेळ मोजतात तो उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत. मधल्या वेळात टॉर्च ३० ल्युमेनवर रेंगाळला तरी तो 'चालू' धरतात.

१.५ व्होल्टच्या लिथियम सेलवर एमडब्ल्यूएच म्हणजे मिलीवॅट-तास छापतात, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. १.५ ने भागा. ३००० एमडब्ल्यूएच म्हणजे १.५ व्होल्टला २००० एमएएच. ऊर्जेत तुलना करायची तर ३००० विरुद्ध साध्या हायड्राइडचे २४००. फायदा आहे, पण पाकीट भासवतं तेवढा नाही.

पायरी ४: खरा माल ओळखा

घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर काम सोपं. २००० एमएएचचा प्रामाणिक हायड्राइड सेल २५ ते २८ ग्रॅम भरतो, २५०० चा ३० च्या आसपास. १००० एमएएचचा हलका सेल साधारण १८ ग्रॅम. '२८००' छापलेला सेल २० ग्रॅम भरला तर आत काय आहे ते काट्यानेच सांगितलं.

सेलच्या अंगावर उत्पादनाचा महिना-वर्ष ठशाने उमटवलेला असतो. दोन-तीन वर्षं जुना लो सेल्फ डिस्चार्ज सेल चालतो, फक्त पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सुस्त वाटेल. एकाच पाकिटातल्या चारही सेलवर एकच ठसा हवा. वेगवेगळे असतील तर कुणीतरी पाकीट जुळवलंय.

धन टोकाभोवतीची प्लॅस्टिकची चकती नीट निरखा. अल्कलाइन सेलची डबी धन असते. हायड्राइड सेलची डबी ऋण असते, अगदी वरच्या खांद्यापर्यंत. म्हणजे धन टोक आणि ऋण खांदा यांच्यामध्ये फक्त ही चकती आणि वेष्टणाची दुमडलेली कड. ती फाटली आणि टॉर्चची पट्टी तिरकी होऊन खांद्याला टेकली, की सेल शॉर्ट. चांगला एए सेल शॉर्टमध्ये दहा अँपिअरहून जास्त करंट सोडतो, स्प्रिंग लाल व्हायला तेवढं पुरतं. वेष्टण फाटलेला सेल बाजूला काढा.

किती घ्यायचे? टॉर्चमध्ये जेवढे बसतात त्याच्या दुप्पट: एक संच आत, एक चार्ज करून डबीत.

पायरी ५: चार्जरमध्ये कंजुषी नको

चांगले सेल सर्वांत जास्त मरतात ते वाईट चार्जरमुळे. पाकिटासोबत येणारा स्वस्त चार्जर बहुधा घड्याळावर चालतो: ठरावीक तास करंट सोडतो आणि बंद होतो, किंवा बंदच होत नाही. सेल निम्मा भरलेला असला तरी तेवढेच तास. उरलेला करंट उष्णता होऊन सेलला आतून वाळवतो.

घेताना चार गोष्टी बघा. एक, प्रत्येक खाच स्वतंत्र आहे का. दोन-दोन सेलच्या जोडीनेच चार्ज करणारा चार्जर एका सेलच्या टॉर्चला निरुपयोगी, आणि जोडीतला एक आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्याला शिजत राहावं लागतं. एकच सेल घालून चार्जिंग सुरू झालं तर खाचा स्वतंत्र आहेत.

दोन, 'डेल्टा व्ही'ने थांबतो का. हायड्राइड सेल भरला की त्याचं व्होल्टेज काही मिलीव्होल्टनी खाली येतं. चार्जरने हीच घसरण पकडून थांबायचं असतं.

तीन, करंट. २००० एमएएचला ५०० ते १००० मिलीअँपिअर योग्य. इथे नवख्याची समजूत उलटी असते: हळू चार्ज केलं तर सेलला बरं. पण २०० मिलीअँपिअरवर ती घसरण इतकी पुसट होते की चार्जरला दिसतच नाही, आणि सेल भरल्यावरही चार्जिंग चालू राहतं. घसरण पकडणाऱ्या चार्जरला मध्यम वेगच मानवतो. ५०० वर पूर्ण रिकाम्या सेलला साडेचार तासांच्या आसपास, १००० वर सव्वादोन तास. शेवटी सेल कोमट होणं ठीक. हातात धरवत नसेल तर चार्जर बदला.

चार, क्षमता मोजण्याची सोय. चार्ज, डिस्चार्ज, पुन्हा चार्ज करून आकडा दाखवणारा चार्जर थोडा महाग पडतो, पण सेलचं वय ओळखण्याचं दुसरं चांगलं साधन घरात नसतं. तो दाखवत असलेल्या अंतर्गत रोधाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. खाचेचा संपर्क जरा मळलेला असला की तोच सेल दुप्पट रोध दाखवतो.

पायरी ६: सेल घरी आल्यावर

लो सेल्फ डिस्चार्ज सेल अर्धेअधिक भरलेलेच येतात. तरी एकदा पूर्ण चार्ज करा, कारण सगळे सेल एका पातळीवर आणायचे आहेत. मग बारीक टोकाच्या मार्करने सेलवर खुणा करा: अ१, अ२ हा एक संच, ब१, ब२ दुसरा. तारीखही टाका.

ही खूण करण्याचं कारण म्हणजे एकसर जोडणी, म्हणजे एकामागे एक लावलेले सेल. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक सेल नवा, एक जुना असला, तर जुना आधी संपतो. टॉर्चला ते कळत नाही. नव्याच्या जोरावर तो करंट ओढत राहतो आणि संपलेल्या सेलमधून तो करंट उलटा दाब देत जातो. सेलचं व्होल्टेज शून्याखाली जातं, आत वायू साठतो, झडपेतून द्रव बाहेर येतो. अशा एकाच घटनेनंतर सेलची क्षमता कायमची उतरू शकते. म्हणून एका संचातले सेल नेहमी एकत्र घालायचे, एकत्र काढायचे, एकत्र चार्ज करायचे. अल्कलाइन आणि रिचार्जेबल एकाच नळीत कधीच नाही.

चार्जरमध्ये मोजणीची सोय असेल तर सगळ्यांची क्षमता एकदा मोजून संच जुळवा: जवळजवळ सारखे आकडे एकत्र. फरक शंभर एमएएचच्या आत असेल तर उत्तम. सेलवरची छापील क्षमता मोजतात ती पाच तासांत रिकामा होईल इतक्या हळू करंटवर, १ व्होल्टपर्यंत. तुमच्या चार्जरचा डिस्चार्ज करंट वेगळा असेल तर आकडा थोडा वेगळा येणारच. छापील १९०० च्या जागी १८५० दिसले म्हणून परत करायला धावू नका. १४०० आले तर जरूर धावा.

पायरी ७: वापरताना आणि ठेवताना

उजेड स्पष्ट मंद झाला की बंद करा आणि सेल बदला. 'अजून थोडा जळतोय' म्हणत शेवटचा थेंब काढणं अल्कलाइनमध्ये शहाणपणाचं असतं, रिचार्जेबलमध्ये महागात पडतं. १ व्होल्टखाली तसंही उरलेलं काही नसतं. बरेच एए टॉर्च अल्कलाइन पिळून काढण्यासाठी बनवलेले असल्याने ०.९ किंवा त्याखालीही चालू राहतात, स्वतःहून थांबत नाहीत. उलट अर्धवट वापरलेला सेल चार्ज केला तर बिघडतो ही भीती निकेल-कॅडमियमच्या काळातली. मोठ्या रात्रीआधी अर्धे सेलसुद्धा बेलाशक भरून घ्या.

बाजूला मऊ बटण असलेले टॉर्च बंद असतानाही किंचित करंट पीत असतात. ५० मायक्रोअँपिअर ऐकायला क्षुल्लक, पण वर्षाचे ८७६० तास गुणले की ४३८ एमएएच, म्हणजे साध्या सेलचा पाचवा हिस्सा. शेपटाचं झाकण पाव फेरा सैल करून बटण दाबून बघा. टॉर्च पेटला नाही तर सर्किट तुटलंय; ठेवताना तसाच सैल ठेवा.

वर्षातून एकदा, सगळ्या संचांना चार्जरवर फिरवून आणा. उष्णतेत सेल भराभर उतरतात आणि म्हातारेही होतात, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ही टॉर्चची सगळ्यात वाईट जागा. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नका, प्लॅस्टिकची डबी वापरा. गोठवणाऱ्या थंडीत अल्कलाइन मान टाकतो, लो सेल्फ डिस्चार्ज हायड्राइड बऱ्यापैकी चालतो. उणे वीसच्या खाली जायचं असेल किंवा आणीबाणीची पेटी वर्षानुवर्षं न उघडता ठेवायची असेल, तर तिथे एकदाच वापरायचा लिथियम एए ठेवा. तो उणे ४० पर्यंत चालतो आणि वीस वर्षं टिकतो. तो चार्जरमध्ये घालायचा नाही, कधीच नाही.

बिघडलं तर

चार्जर सेल घेतच नाही, 'एरर' दाखवतो: सेल फार खोल उतरलाय, चार्जरला तो दिसत नाही. जुना साधा चार्जर असेल तर त्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, समोर बसून. व्होल्टेज १ च्या वर आलं की चांगल्या चार्जरमध्ये हलवा. तरी नाही घेतला तर नाद सोडा.

चार्ज दहा-पंधरा मिनिटांतच 'पूर्ण': अंतर्गत रोध वाढलेला असतो, व्होल्टेज भसकन चढतं आणि चार्जर फसतो. आधी सेलची दोन्ही टोकं आणि चार्जरच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा लावा. फरक पडला नाही तर सेल टॉर्चमधून निवृत्त. असा सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये मात्र कितीतरी दिवस काढतो, तिथे करंट लागतो कुठे.

मल्टिमीटरवर १.२५ व्होल्ट, पण टॉर्च मंद: बिनभाराचं व्होल्टेज फारसं काही सांगत नाही. निम्मा सेल आणि जवळजवळ रिकामा सेल दोन्ही तिथेच दिसतात. सेल करंट देत असताना त्याच्या दोन्ही टोकांवरचं व्होल्टेज मोजता येत असेल तर तसं भाराखाली मोजा, १.१ च्या खाली घसरत असेल तर सेल उतरलाय किंवा थकलाय.

पूर्ण उजेडावर लुकलुकतो, मंदवर ठीक चालतो: जास्त करंटला कुठेतरी अडथळा आहे. स्प्रिंग, झाकणाचे आटे आणि नळीची उघडी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पूर्वी अल्कलाइन पाझरल्याची पांढरी पुटं दिसली तर आधी कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन ती काढा, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या कापसाने पुसा. त्यानंतरही लुकलुकत असेल आणि सेल १.५ व्होल्ट लिथियम प्रकारचा असेल, तर त्याच्या करंटची मर्यादा आडवी येतेय. हायड्राइड घालून बघा.

एका संचातला एकच सेल दर वेळी आधी गरम होतो आणि आधी भरतो: त्याची क्षमता उरलेल्यांपेक्षा कमी झालीय. त्याला संचातून काढा. उरलेला एकटा सेल एका सेलच्या टॉर्चमध्ये वापरा. त्याच्या जोडीला नवा सेल आणून बसवू नका.

क्षमता छापील आकड्याच्या साठ टक्क्यांखाली गेली, सेल फुगला, किंवा झडपेपाशी मिठासारखी पांढरी रेघ दिसली, की तो टाकण्याच्या वाटेवर. धन टोकावर चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही.